कृषी सल्ला: चेन सॉमधलं ऑइल, कार्बोरेटरचे स्क्रू आणि बारची लांबी

पाऊस ओसरून हापूसच्या जुन्या बागांत छाटणी सुरू झाली की माझ्याकडे फवारणीपेक्षा चेन सॉचेच, म्हणजे साखळीच्या यांत्रिक करवतीचेच, प्रश्न जास्त येतात. यंदा तर रत्नागिरी तालुक्यातल्या एका बागायतदाराने बंद पडलेलं मशीन पोत्यात घालून थेट कार्यालयातच आणलं. सुरुवात त्यांच्यापासूनच करतो.

"साहेब, ५८ सीसीचं मशीन, दुसराच हंगाम. चालता चालता आवाज चढत गेला आणि एकदम बसलं. आता दोरी ओढवत नाही. ऑइल टाकत होतो, अंदाजाने."

दादा, तुमच्यासमोरच सायलेन्सर काढला आणि आत बॅटरी मारली. पिस्टनच्या सायलेन्सरकडच्या अंगाला उभे ओरखडे होते, नख अडकेल असे. मशीन सीझ झालंय, म्हणजे पिस्टन आत घासून अडकलाय. त्याची मुख्य कारणं दोन, ऑइल कमी पडणं किंवा हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडणं. तुमच्याकडे दोन्ही झालेलं दिसतंय.

आधी ऑइल. टू-स्ट्रोक इंजिनात क्रँक, बेअरिंग, पिस्टन या सगळ्यांना वंगण मिळतं ते पेट्रोलमधूनच. ५०:१ म्हणजे पेट्रोलच्या लिटरला २० मिली ऑइल, ४०:१ म्हणजे २५ मिली, २५:१ म्हणजे ४० मिली. तुमच्या मशीनचं प्रमाण पुस्तिकेत किंवा टाकीजवळच्या स्टिकरवर असतं, तेच धरा. शेजाऱ्याचं प्रमाण विचारू नका, त्याचं मशीन वेगळं, ऑइल वेगळं. स्टिल कंपनीच्या पुस्तिकेतसुद्धा कंपनीचं स्वतःचं ऑइल असेल तर ५०:१ आणि दुसरं चांगलं टू-स्ट्रोक ऑइल असेल तर २५:१ असा फरक केलेला असतो. मापाला मेडिकलमधली २० मिलीची सिरिंज आणा. फवारणीच्या औषधाच्या बाटलीचं टोपण नको, त्यात राहिलेला थेंबही टाकीत नको.

ऑइल टू-टीच, म्हणजे टू-स्ट्रोकचंच हवं, बाटलीवर जासो एफडी किंवा निदान एफसी ही दर्जाची खूण लिहिलेलं. मोटरसायकलचं फोर-स्ट्रोक इंजिन ऑइल चालत नाही. किनाऱ्यावर आणखी एक घोळ पाहतो, घरात होडी असली की ओबीएमचं, म्हणजे होडीच्या मागे लावायच्या इंजिनाचं, ऑइल सॉमध्ये जातं. ते पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनासाठी असतं. सॉचं इंजिन हवेवर थंड होतं आणि पुष्कळ जास्त तापतं.

"मग दुप्पट ऑइल टाकतो, सुरक्षित," असंही तुम्ही म्हणालात. तसं नाही. ऑइल वाढलं की कार्बोरेटरच्या, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागाच्या, त्याच जेटमधून (बारीक छिद्रातून) जाणारं पेट्रोल तेवढं कमी होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडून मिश्रण थोडं पातळच होतं. वर प्लग काळा आणि सायलेन्सर काजळीने बंद. एक प्रमाण धरा आणि कार्बोरेटर त्याच प्रमाणावर लावा.

पेट्रोल-ऑइलचं मिश्रण मशीनच्या टाकीत करू नका. वेगळ्या कॅनमध्ये अर्धं पेट्रोल, मग ऑइल, हलवा, मग उरलेलं पेट्रोल. महिन्याभरात संपेल एवढंच करा. हल्ली पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. आपल्या दमट हवेत अर्धा भरलेला कॅन दोन महिने राहिला की पाणी आणि इथेनॉल तळाला बसू शकतं. टाकीतला फिल्टर तळालाच लोळत असतो, तो पहिल्यांदा तेच ओढतो. शंका आली तर काचेच्या बाटलीत मिश्रण ओतून तासभर ठेवा. तळाला वेगळा थर दिसला तर ते मशीनमध्ये घालायचं नाही.

"आंबोलीला भावाकडे मशीन छान चालायचं. खाली वेंगुर्ल्यात आणलं तर रेस जास्त, ताकद कमी, प्लग पांढरा. स्क्रू कुठला फिरवू?"

प्रश्नातच उत्तर आहे. आंबोली समुद्रसपाटीपासून जवळजवळ ७०० मीटरवर. तिथली हवा विरळ, म्हणून भावाने पेट्रोल आवळून घेतलेलं. खाली हवा दाट, पेट्रोल तेवढंच. हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ झालं, प्लग पांढरा पडला. असंच चालवलंत तर तुमचंही मशीन पोत्यातून येईल.

पण स्क्रूला हात लावण्याआधी एअर फिल्टर धुवा, साखळी पाजळा, ताजं मिश्रण भरा आणि चार-पाच मिनिटं लाकूड कापून इंजिन तापवा. घाण फिल्टरवर लावलेला कार्बोरेटर फिल्टर धुतला की चुकतो.

स्क्रू तीन. एल म्हणजे कमी रेसचं पेट्रोल, एच म्हणजे पूर्ण रेसचं, आणि तिसरा, टी किंवा एलए लिहिलेला, नुसत्या आयडलचा, म्हणजे ट्रिगर सोडल्यावरच्या हळू चालीचा. एल आणि एच उजवीकडे फिरवले की पेट्रोल कमी, डावीकडे फिरवले की जास्त. सगळंच बिघडलं असेल तर दोन्ही हलक्या हाताने टेकेपर्यंत बंद करून एक-एक फेरा उघडा. बऱ्याच मशीनना सुरुवातीला हे चालतं, तरी पुस्तिका बघा. आवळू नका, सुईचं टोक खराब होतं.

आता एल सावकाश फिरवत जिथे आयडल सर्वात चढतं ती जागा शोधा आणि तिथून आठवा हिस्सा फेरा डावीकडे या. मग तिसऱ्या स्क्रूने आयडल उतरवा. आयडलला साखळी फिरता कामा नये, फिरली तर काम बंद. ट्रिगर दाबल्यावर मशीन गुदमरलं तर एल किंचित उघडा.

एच कानाने लावायचा. साखळी हवेत, पूर्ण रेस, दोन-तीन सेकंदच. आवाज थोडा भरभरता, अडखळल्यासारखा यायला हवा आणि ओंडक्यात बार (साखळी जिच्यावर फिरते ती पट्टी) टेकवला की मोकळा व्हायला हवा. हवेत असतानाच एकसुरी किंचाळी येत असेल तर पेट्रोल कमी आहे, लगेच डावीकडे फिरवा. लाकडातही भरभर आणि धूर राहिला तर उजवीकडे, पण पाव-पाव फेरा नाही, त्याहून कमी. काही मशीनची, प्लगला स्पार्क देणारी कॉइलच ठरावीक रेसच्या वर स्पार्क तोडते, तोही आवाज असाच भरभरतो आणि भलेभले मेकॅनिक फसतात. शंका असेल तिथे एच थोडा उघडाच ठेवा. थोडा जास्त धूर परवडतो, पिस्टन-बोअरचा खर्च नाही. शेवटी प्लग काढून बघा, फिकट तपकिरी हवा.

"दुकानदार २२ इंची बार देतो म्हणतो, त्याच किमतीत. घ्यावा ना?"

घेऊ नका. पुनरुज्जीवनाच्या छाटणीत तुम्ही कापता त्या बहुतेक फांद्या सहा ते दहा इंचांच्या. त्याला १६ किंवा १८ इंच पुरे. बार लांब झाला की साखळी लांब, घर्षण जास्त, इंजिनावर ओझं जास्त, आणि ऑइल पंप तेवढाच असल्याने टोकाकडे वंगण कमी पोचतं. शिवाय लांब बारचं टोक पलीकडच्या कुठल्या फांदीला लागतंय ते तुम्हाला दिसत नाही. टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की मशीन उसळून तोंडावर येतं. माझ्या पाहण्यातले टाके बहुतेक असेच पडलेले आहेत.

वादळात पडलेला जाडा बुंधा असेल तरी दोन्ही बाजूंनी कापून १८ इंची बार ३० इंचांपर्यंत जातो. उभा आंबाच तोडायचा असेल तर बार विकत घेण्याआधी परवानगी काढा. १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आंबा आहे.

बार बदलताना नुसते इंच सांगू नका. पिच (साखळीच्या कड्यांमधलं अंतर, इंचात), बारच्या खाचेची रुंदी आणि साखळीच्या खालच्या दातांची संख्या हे तिन्ही जुळायला लागतं. जुनी साखळीच दुकानात घेऊन जा. पाजळायला .३२५ पिचला ४.८ मिलिमीटरची गोल कानस लागते. भुसा पिठासारखा पडायला लागला की दात बोथट झाले, तेव्हा कार्बोरेटरला दोष देऊ नका. नारळाच्या खोडाला आणि वाळूला साखळी फार लवकर मरते.

"साखळीला गॅरेजमधलं जळकं ऑइल चालेल?"

नाही. त्यात धातूचा कीस असतो, पंप आणि बार दोन्ही खातो. आणि ते उडतं तुमच्या अंगावर आणि झाडाच्या ताज्या जखमेवर, जिथे आपण १० टक्के बोर्डो पेस्ट लावा म्हणून सांगत असतो.

"हंगाम संपल्यावर मशीन कसं ठेवू?"

टाकी रिकामी करा, मग मशीन चालू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, म्हणजे कार्बोरेटरमध्ये पेट्रोल उरत नाही. त्यातला रबरी पडदा ताठरतो तो अशाच उरलेल्या पेट्रोलने. थंड झाल्यावर प्लग काढून चमचाभर टू-टी ऑइल आत सोडा, दोरी दोनदा हळूच ओढा, प्लग लावा. मशीन माळ्यावर ठेवा, खतांच्या पोत्यांशेजारी नको. आणि पोत्यातल्या मशीनचे मालक, तुमचं पिस्टन-बोअर मिळेपर्यंत गटातल्या कुणाचं मशीन घेतलंत तर आधी त्यांच्या कॅनमध्ये लिटरला किती मिली घातलंय ते विचारून घ्या.