जॅझची जुनी मूळ प्रत शोधावी की नवा रीइश्यू घ्यावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : धुळ्यात राहता, माइल्स डेव्हिसची 'काइंड ऑफ ब्लू' फोनवर ऐकून जॅझच्या नादी लागलात, आता रेकॉर्ड प्लेअर घेतलाय. तर पैसे साठवून जुनी मूळ प्रत मिळवावी की रीइश्यू, म्हणजे तीच रेकॉर्ड नव्याने छापलेली, चालेल, आणि सुरुवात कुठल्या रेकॉर्डींनी करावी?

रीइश्यू घ्या, बिनधास्त घ्या. जुनी प्रत म्हणजे अस्सल आवाज, हा समज रेकॉर्ड जमवणाऱ्यांमध्ये फार पक्का आहे, आणि तुम्हाला आवडलेल्या रेकॉर्डनेच तो खोटा पाडलाय. 'काइंड ऑफ ब्लू' 1959 साली न्यूयॉर्कमध्ये कोलंबियाच्या 30व्या रस्त्यावरच्या स्टुडिओत दोन बैठकांत झाली, 2 मार्च आणि 22 एप्रिल. मार्चच्या बैठकीत मुख्य टेप मशीन जरा हळू फिरत होतं. हळू फिरणाऱ्या टेपवर उतरलेलं संगीत नेहमीच्या वेगाने वाजवलं की ते जलद आणि चढ्या सुरात येतं. म्हणून पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना तीस वर्षांहून जास्त काळ जगभर थोड्या चढ्या वाजत राहिल्या. दुसरी बाजू एप्रिलची, ती ठीक होती. नशीब असं की मार्चच्या त्या दिवशी सुरक्षित प्रतीसाठी दुसरं मशीनही चालू होतं आणि त्याचा वेग बरोबर होता. त्या टेपवरून 1992 साली दुरुस्त आवृत्ती निघाली. म्हणजे 1959ची पहिली प्रत लाखात विकत घेतली तरी 'सो व्हॉट' चढंच वाजणार, आणि तुमच्या फोनवरचं बहुधा बरोबर असणार.

हे घरी तपासता येतं. घरात इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड असेल तर 'सो व्हॉट' लावून पांढरी दोनला षड्ज धरा. पहिले सोळा बार (एक बार म्हणजे इथे चार मात्रा) काफी थाटाचे स्वर, मग आठ बार तेच सगळं उचलून काळी दोनवर, मग परत आठ बार पांढरी दोन. एवढाच सांगाडा, आणि त्यावर ट्रंपेटवर डेव्हिस, सॅक्सोफोनवर जॉन कोल्ट्रेन आणि कॅननबॉल ॲडर्ली आळीपाळीने वाजवतात. भजनी मंडळात पेटीवर बसलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही, एकदा ऐकलं की तो स्वतःच बोटं ठेवायला लागतो. दुरुस्त आवृत्ती कीबोर्डशी जुळते, जुनी प्रत दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी पडते. त्या सुरांवर जीव असेल तर हा फरक किरकोळ नाही.

त्यामुळे रीइश्यू घेताना वर्ष बघण्याऐवजी दोन गोष्टी बघा : आवाज कुठल्या टेपवरून घेतला आणि लॅकर, म्हणजे जिच्यावरून पुढे रेकॉर्डी छापतात ती पहिली चकती, कोणी कापला. ब्लू नोट या जॅझ कंपनीच्या 'टोन पोएट' मालिकेत हे सगळं स्वच्छ लिहिलेलं असतं. 2019पासून निघणारी ही मालिका जो हार्ली बघतात, केव्हिन ग्रे मूळ मास्टर टेपवरून कापतात, जाड कव्हर, आत फ्रान्सिस वुल्फ यांनी सेशनच्या वेळी काढलेले फोटो. महाग पडते. पण त्याच कंपनीची 'क्लासिक व्हिनाइल' मालिका बरीच स्वस्त आहे, तिथेही कापणारा हात ग्रे यांचाच. माझ्या कानांना दोन्हींतला फरक किमतीतल्या फरकाएवढा वाटत नाही, म्हणून नव्याने सुरू करणाऱ्याला मी दुसरी सुचवतो. प्रेस्टिज, रिव्हरसाइड या लेबलांच्या, म्हणजे रेकॉर्ड कंपन्यांच्या, रेकॉर्डींसाठी 'ओरिजिनल जॅझ क्लासिक्स' हे नाव शोधा. ही मालिका 1982 साली सुरू झाली, 2023 साली नव्याने काढली, आणि नव्या प्रतीही मूळ टेपवरूनच आहेत.

एका प्रकारापासून मात्र लांब राहा. 1962पर्यंत प्रसिद्ध झालेल्या रेकॉर्डिंगचे हक्क युरोपात संपलेत, त्यामुळे तिथली कितीतरी छोटी लेबलं तीच नावाजलेली शीर्षकं अर्ध्या किमतीत विकतात. कायद्याने त्यात काही चूक नाही. पण त्यांच्याकडे मूळ टेप नसते, बऱ्याचदा सीडीवरूनच रेकॉर्ड कापलेली असते. तेच ऐकायचं तर फोन काय वाईट? मागच्या बाजूला मास्टरिंग करणाऱ्याचं नाव नाही, टेपचा उल्लेख नाही, वर दोन-तीन जास्तीच्या रचना कोंबलेल्या दिसल्या, की समजून घ्या.

वेगाचा विषय निघालाच आहे तर तुमच्या प्लेअरबद्दलही सांगतो. नवा भारतात घेतलेला असेल तर सोडून द्या. पण अमेरिकेतून कुणी नातेवाइकाने जुना आणलेला असेल आणि त्याची मोटर विजेच्या फ्रिक्वेन्सीवर चालणारी असेल, तर ती तिकडच्या 60 हर्ट्झसाठी बांधलेली असते. आपल्याकडे 50. प्लेअर सहाव्या हिश्श्याने हळू फिरणार आणि कोल्ट्रेनचा टेनर सॅक्सोफोन रडवेला, जड येणार. फोनवर वेग मोजायची ॲप मिळतात, एकदा बघून घ्या.

आणि आपलं ऊन! मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45च्या वर जातो, तुमच्या धुळ्यातही फार वेगळं नाही. रेकॉर्ड पीव्हीसीची, ती साठ अंशांच्या पुढे मऊ पडू लागते, आणि उन्हात उभ्या बंद गाडीत किंवा पत्र्याच्या खोलीत तेवढी उष्णता सहज होते. वरच्या मजल्यावर स्लॅबखाली ठेवू नका, एकावर एक आडव्या रचू नका, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा. कूलरच्या झोतासमोर कपाट नको, कव्हरं ओलसर होऊन बुरशी धरतात. परदेशातून पार्सल मागवायचं ते दिवाळीच्या आसपास. एप्रिल-मे टाळा.

आता काय ऐकावं. आपल्या मातीशी थोडं नातं असलेल्या माणसापासून सुरू करा, सनी रोलिन्स. साठीच्या दशकाच्या शेवटी हा माणूस सॅक्सोफोन बाजूला ठेवून मुंबईत पवईच्या आश्रमात येऊन राहिला होता, योग आणि वेदान्त शिकायला. पुढे 1978 साली मुंबईत 'जॅझ यात्रा' हा महोत्सव पहिल्यांदा झाला तेव्हा तो वाजवायलाही आला. त्याची 'सॅक्सोफोन कोलोसस' 22 जून 1956 या एकाच दिवसात झाली, रूडी व्हॅन गेल्डर यांच्या आईवडिलांच्या घरातल्या बैठकीच्या खोलीत. व्हॅन गेल्डर तेव्हा दिवसा डोळे तपासून चष्मे देत आणि उरलेल्या वेळात रेकॉर्डिंग करत. जॅझचे कितीतरी उत्तम आवाज त्या घरात टेपवर उतरलेत. या रेकॉर्डवरची 'ब्लू सेव्हन' लक्ष देऊन ऐका. रोलिन्स सुरुवातीला एक छोटा तुकडा टाकतो आणि दहा मिनिटं तोच उलटसुलट करत राहतो, नवं काही आणायची घाई नाही. आपल्याकडे एका मुखड्यावर रंगलेली बैठक ज्यांनी ऐकली आहे त्यांना हा माणूस लगेच जवळचा वाटतो. ड्रमवर मॅक्स रोच आहे. त्याचा सोलो मोजत ऐका, बारा बारांचं आवर्तन तो एकदाही सोडत नाही.

डेव्ह ब्रुबेकची 'टाइम आउट' बहुतेक सगळे सुचवतील, मीही सुचवतो, पण 'टेक फाइव्ह'पेक्षा 'ब्लू रोंडो'साठी. नऊ मात्रा दोन-दोन-दोन-तीन अशा पडतात, चौथ्या वेळी तीन-तीन-तीन. हातावर टाळी देऊन बघा. ब्रुबेकला ही लय 1958च्या दौऱ्यात इस्तंबूलच्या रस्त्यावरच्या वादकांकडून मिळाली, त्याच दौऱ्यात तो भारतातही येऊन गेला. कॅननबॉलची 'समथिंग एल्स' घ्या, तीत डेव्हिसचा ट्रंपेट आहे. हँक मोबलीची 'सोल स्टेशन' घ्या. ही दोन्ही ब्लू नोटची.

पण एकच घ्यायची असेल तर माझं उत्तर कधी बदललं नाही : बिल एव्हान्स त्रयीचं व्हिलेज व्हॅनगार्डमधलं रेकॉर्डिंग. 25 जून 1961, रविवार. न्यूयॉर्कच्या एका तळघरातल्या क्लबात दुपारी आणि संध्याकाळी मिळून पाच फेऱ्या वाजवल्या. पियानोवर एव्हान्स, ड्रमवर पॉल मोशन आणि डबल बासवर 25 वर्षांचा स्कॉट लाफारो. तोपर्यंत बासवाल्याचं काम म्हणजे मागे पावलं टाकत चालणं. लाफारो पियानोशी बोलतो, मधेच त्याचं वाक्य पूर्ण करतो, कधी त्याला अडवतो. एव्हान्सही जागा सोडतो, हे विशेष. तिघंही एकमेकांचं इतकं ऐकतात की मुख्य कोण आणि साथीला कोण हे ठरवता येत नाही. मागे ग्लासांची किणकिण आहे, लोक चक्क गप्पा मारताहेत, एक बाई हसते. आमच्याकडे रविवारी दोन-चार मित्र जमतात तेव्हा 'माय फूलिश हार्ट' लागली की बोलणं आपोआप थांबतं. पॉल मोशनचे ब्रश ऐका. तो ताल देतो असं म्हणवत नाही, पण तो काढून टाकला तर सगळं कोसळेल.

दहा-अकरा दिवसांनी, 6 जुलैला, लाफारो मोटार अपघातात गेला. एव्हान्सने कित्येक महिने जाहीरपणे पियानोला हात लावला नाही. त्या एका दिवसातून दोन एलपी निघाल्या. आधी 'संडे ॲट द व्हिलेज व्हॅनगार्ड', तिची सुरुवात आणि शेवट लाफारोच्याच रचनांनी केलाय. नंतर 'वॉल्ट्झ फॉर डेबी'. माझ्या मते तुम्ही 'वॉल्ट्झ फॉर डेबी' आधी घ्या, ती मनात जास्त सहज शिरते.

या सेशनची पूर्ण आवृत्ती 2005 साली तीन सीडींच्या संचात आली, आणि रीइश्यू का हवेत ते तिच्यात कळतं. दिवसाची पहिलीच रचना, 'ग्लोरियाज स्टेप', वाजत असताना क्लबातली वीज गेली. टेप थांबली, वादक वाजवतच राहिले, वीज आली तेव्हा रचना पुढे गेलेली होती. तो तुकडा तुटका म्हणून इतकी वर्षं बाहेर ठेवला होता. भारनियमनात वाढलेल्या आपल्यासारख्यांना त्या खंडाचं कौतुक काय सांगायचं! पलीकडून आवाज परत येतो तेव्हा लय जिथे असायला हवी तिथेच आहे. एलपीवर पूर्ण वाजलेली घ्या आणि ही अर्धवट फोनवर शोधून ऐका, नावापुढे 'इंटरप्टेड' असं लिहिलेलं असतं.