अन्ननलिका बंद असलेल्या बाळाला डाय पाजून एक्स-रे काढणं धोक्याचं आहे का?

तुमच्या पुतण्याला गडहिंग्लजहून कोल्हापूरला हलवलंय, तोंडाला सारखा फेस येतोय, आणि इथल्या डॉक्टरांनी डाय (एक्स-रेत उठून दिसणारं द्रव औषध) न देता साधाच एक्स-रे काढला म्हणून घरचे नाराज आहेत, असं तुम्ही लिहिलंय. खरं तर डॉक्टरांनी बरोबर केलं.

निदानाला बहुतेक वेळा डाय लागतच नाही. तोंडातून जरा कडक नळी घालतात. ती साधारण 10 सेंटीमीटरवर अडते आणि एक्स-रेत तिचं टोक अन्ननलिकेच्या वरच्या, तळाशी बंद असलेल्या भागात, म्हणजे पिशवीत दिसतं. त्याच फिल्मवर पोटात हवा दिसली, तर खालची अन्ननलिका श्वासनलिकेला जोडलेली आहे हे कळतं. हाच प्रकार सगळ्यात जास्त आढळतो.

डाय दिला तर तो जाणार कुठे? खाली वाट नाही. पिशवी भरली की उलटून थेट फुप्फुसात. बेरियमचा डाय तिथे साचून राहतो. गॅस्ट्रोग्राफिन नावाचं दुसरं डायचं औषध तर त्याहून वाईट, ते इतकं तीव्र असतं की फुप्फुसात पाणी ओढून घेतं. अगदीच गरज पडली तर पाण्यात विरघळणारा सौम्य डाय, जेमतेम अर्धा-एक मिली, स्क्रीनवर बघत बघत, आणि लगेच सक्शनने बाहेर.

डाय कायमचा वर्ज्य नाही हं. नळी पोटात जाते पण दूध पाजताना ठसका लागतो, अशा ‘एच’ प्रकारात (अन्ननलिका बंद नसते, पण श्वासनलिकेला जोडलेली असते) तो लागतो. ऑपरेशननंतर टाका गळतोय का हे बघायलाही वापरतात.

तोवर दूध, मध, घुटी काहीही तोंडात घालू नका, आजीने कितीही आग्रह केला तरी. डोक्याकडची बाजू उंच ठेवायची आणि लाळ सतत ओढून घ्यायची, हे मात्र नर्सला विचारत राहा.