जुनी गाडी, लांबचा पल्ला आणि वाळलेलं रबर

या वेळी पत्रांमध्ये एकच विषय परत परत आलाय. जुनी स्पोर्ट्स कार घेऊन लांब जायचंय, जाऊ का? म्हणून बाकीची पत्रं बाजूला ठेवली आणि हे सदर सगळं त्यालाच दिलंय. मायलेज कसं वाढवू विचारणाऱ्यांनी पुढच्या अंकापर्यंत दम धरा.

प्रश्न: नमस्कार दादा, माझ्याकडे १९९१ ची माझदा एमएक्स-५ आहे, दोन सीटची, कापडी छताची, १.६ इंजिन, १ लाख ७० हजार किमी झालेत. मागची तीन वर्षं गाडी कव्हरखालीच आहे, महिन्यातून एकदा दहा मिनिटं चालू करून बंद करतो. आता बायको आणि मी १२ दिवसांत ४ हजार किमी करायचं म्हणतोय आणि घरचे वेड्यात काढतायत. एवढं जुनं इंजिन टिकेल का? निघायच्या आदल्या आठवड्यात फुल सर्व्हिसिंग करून घेणारच आहे, अजून काय करू?

उत्तर: सगळ्यात आधी ते आदल्या आठवड्याचं सर्व्हिसिंग रद्द करा. थट्टा नाही करत. काम करायचंच आहे, भरपूर करायचंय, पण ते निघायच्या महिनाभर आधी, आणि मग त्या महिन्यात गाडी ५००-७०० किमी फिरवायची, त्यातली एक फेरी तरी सलग तीन-चार तासांची. जुन्या गाडीत सगळ्यात जास्त दगा देते ती नुकतीच हात लावलेली जागा. मी स्वतः हे भोगलंय. एका मोठ्या ट्रिपच्या दोन दिवस आधी गाडीचे सगळे होज पाइप नवे टाकून घेतले, गॅरेजवाल्याने गाडी धुऊन पुसून दिली, मी खूश, आणि निघाल्यावर दोनेकशे किलोमीटरवर रेडिएटरचा वरचा पाइप सुटून सगळं कूलंट रस्त्यावर. पाइप नवाकोरा होता हो, पण क्लॅम्प पार कडेला बसवलेला, पाइप तापून मऊ झाला आणि सुटला. घराजवळ एक लांब चक्कर मारली असती तर तो तिथेच सुटला असता आणि मी चालत घरी आलो असतो.

आता इंजिन टिकेल का, तर तुम्ही उगाच इंजिनाची काळजी करताय. ही गाडी पहिल्यांदा १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या शोमध्ये दाखवली, तेव्हापासून लोक या इंजिनावर ऊठसूट रेस करतायत आणि ते मुकाट्याने चालतंय. लोखंड टिकतं. टिकत नाही ते रबर, आणि रबर वापराने कमी आणि वयाने जास्त मरतं. तुमची गाडी चाललेली नाही म्हणून ती जपलेली आहे असं नाही होत, उलट ते महिन्यातून दहा मिनिटं चालू करणं म्हणजे घरचा आहेर. इंजिन धड तापत नाही, जळण्यातून तयार झालेलं पाणी ऑइलमध्ये आणि सायलेन्सरमध्ये साचून राहतं, आणि तेवढ्यात बॅटरीही धड भरत नाही. तेव्हा ऑइल आणि फिल्टर बदलाच, मग किलोमीटरचा काटा किती का कमी दाखवत असेना. टाकीतलं तीन वर्षांचं पेट्रोलसुद्धा काढून टाका, त्याचा आता वार्निश झालेला असतो, आणि पेट्रोल फिल्टर नवा घाला.

मग खाली बसा आणि टायर बघा. नक्षी नका बघू, नक्षी चांगलीच असणार, गाडी उभीच होती ना. टायरच्या बाजूवर डीओटी लिहिलेलं असतं, त्या ओळीच्या शेवटचे चार आकडे वाचा, एका बाजूला नसले तर आतल्या बाजूला असतात. २३१४ असेल तर तो टायर २०१४ च्या २३ व्या आठवड्यातला. दहा वर्षं होऊन गेली असतील तर टायर कितीही काळाभोर गुबगुबीत दिसू दे, काढा. तुमचा साइज १८५/६० आर १४, आणि १४ इंची टायर आता प्रत्येक दुकानात लगेच मिळतोच असं नाही, रस्त्यात फुटला तर दोन दिवस तिथेच बसून राहाल. हवा थंड टायरमध्ये २६ पीएसआय, पंपवाला सवयीने ३२-३५ भरेल, त्याला भरू देऊ नका, गाडी एवढी हलकी आहे की जास्त हवेवर ती टुणटुण उड्या मारते आणि ओल्या रस्त्यावर पकड सोडते.

होज पाइप थंड इंजिनवर एकेक हातात धरून दाबा. चांगला पाइप दाबला की सुटतो आणि परत गोल होतो, वाळलेला पाइप दगडासारखा लागतो किंवा आतून कर्र आवाज येतो, आणि क्लॅम्पच्या अगदी शेजारी फुगलेला असेल तर त्याचा निरोप समारंभ करूनच टाका. इंजिनच्या मागच्या बाजूला, इंजिन आणि बसायच्या जागेच्या मधल्या भिंतीकडे, टॉर्च घेऊन वाका. तिथे कॅम अँगल सेन्सर नावाचा एक भाग आहे, त्याची बारकी रबरी ओ-रिंग कडक होऊन ऑइल गळतं आणि ते बरोब्बर खालच्या, कूलंट वाहणाऱ्या हीटरच्या पाइपवर पडतं, ऑइलने रबर पिचतं, आणि रुपयाएवढ्या रिंगमुळे सगळं कूलंट जातं. ही जागा वरून दिसत नाही म्हणून मेकॅनिकही बघत नाहीत, तुम्ही बोट फिरवून बघा.

रेडिएटरचं झाकण नवंच घ्या. कूलंट उकळू नये म्हणून ते दाब धरून ठेवतं, १५ पीएसआयच्या झाकणाने उकळबिंदू साधारण २५ डिग्रीने वर जातो, आणि त्या झाकणात आहे काय, तर परत एक रबराची चकतीच. ती वाळली की दाब गेला, आणि मग लोक वॉटर पंप बदलतात, थर्मोस्टॅट बदलतात, रेडिएटर खोलतात आणि झाकण जुनंच.

ब्रेक ऑइल बदला, हे ऐच्छिक नाही. ते हवेतलं पाणी ओढतं. नवं डॉट ४ निदान २३० डिग्रीला उकळत नाही, पाणी प्यायलेल्याची हमी १५५ पर्यंतच. घाट उतरताना ते उकळलं की पेडल खाली जातं आणि गाडी थांबत नाही. गाडी उभी होती म्हणून कॅलिपर, म्हणजे ब्रेक पॅड दाबणारे भाग, तेही चिकटलेले असू शकतात, वीसेक किलोमीटर चालवून थांबा आणि चारही चाकांजवळ हात न्या, एकच चाक बाकीच्यांपेक्षा जास्त गरम लागलं तर तोच गडी.

टायमिंग बेल्ट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा ताळमेळ राखणारा पट्टा, कधी बदलला माहीत नसेल तर बदला, पण झोप नका उडवून घेऊ, या १.६ मध्ये बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटत नाहीत, गाडी नुसती बंद पडते. मात्र १९९१ ची म्हणताय तर क्रँकची, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याची, पुढची पुली बघून घ्या. तिच्यात चार खाचा असतील तर क्रँकचं नाक, म्हणजे पुढचं टोक, आखूड, आठ असतील तर लांब. आखूड नाकवाल्यात बेल्टचं काम करताना मधला बोल्ट टॉर्क रेंच, म्हणजे किती जोर लागला ते दाखवणारा पाना, लावूनच आवळायला हवा, अंदाजपंचे आवळला की आतली चावी, म्हणजे पुली जागेवर धरणारी लोखंडी पाचर, हलायला लागते, खाच झिजते, आणि तो खर्च मात्र रडवतो.

बाकी किरकोळ. बॅटरी डिकीत आहे, बदललीत तर गॅस बाहेर नेणाऱ्या नळ्या परत जोडा, नाहीतर डिकी गंजेल. छताचं पाणी सीटच्या मागून खाली जातं ती भोकं मोकळी करा. आणि थंडीच्या सकाळी छत उघडायच्या आधी मागची प्लॅस्टिकची खिडकी चेन उघडून सपाट पाडा, कडक प्लॅस्टिक दुमडलं की चरा पडतो आणि तिथूनच एक दिवस फाटतं.

बाराशे गोष्टी सांगितल्या, पण जा. रोजचे साडेतीनशेच्या आसपास पडतात, ते या गाडीला काहीच नाही, तुमच्या कमरेला आहे.

प्रश्न: माझी पोर्शे ९४४, १९८६ ची. टायमिंग बेल्ट नऊ वर्षांपूर्वी बदलला पण त्यानंतर जेमतेम १४ हजार किमी झालेत. मॅन्युअलप्रमाणे किमी खूप शिल्लक आहेत. पुढच्या शनिवारी २ हजार किमीच्या प्रवासाला निघतोय. चालेल ना?

उत्तर: नाही. वरच्या पत्रात बेल्ट तुटला तर गाडी फक्त थांबते असं म्हटलं, तुमच्यात तसं नाही, व्हॉल्व्ह वाकतात आणि हेड खोलावं लागतं. तुमच्यात बेल्ट दोन आहेत, एक टायमिंगचा आणि एक इंजिनची थरथर कमी करणाऱ्या बॅलन्स शाफ्टचा, दोन्ही बदला, आणि वॉटर पंप त्याच टायमिंग बेल्टवर फिरतो त्यामुळे उघडलंच आहे तर त्याच्याकडेही बघा. आणि नवा बेल्ट थोडा ताणतो, साधारण ३ हजार किमीनंतर त्याचं टेन्शन परत तपासायचं असतं. म्हणजे हा शनिवार विसरा. दुसरी गाडी घेऊन जा, किंवा ट्रेनने.

प्रश्न: ट्रायम्फ स्पिटफायर १५००, सन १९७७. चालताना मस्त पळते, पण उन्हात तासभर चालवून दहा-पंधरा मिनिटं थांबलो की परत चालूच होत नाही, नुसती गुरगुरते. अर्ध्या तासाने आपोआप चालू. एका ओळखीच्यांनी सांगितलं पेट्रोलच्या पाइपला कपड्यांचे लाकडी चिमटे लाव. करू का? मोठ्या ट्रिपला जायचंय.

उत्तर: चिमटे कपड्यांनाच ठेवा. हा उपाय पिढ्यान् पिढ्या चालत आलाय आणि तो कामी येतो असं सांगणारा प्रत्येक जण चिमटे लावेपर्यंत पंधरा मिनिटं घालवतो, तेवढ्यात गाडी थंड झालेली असते.

होतं असं की इंजिन बंद केलं की पाणी फिरायचं थांबतं, पंखा थांबतो, समोरून येणारी हवा थांबते, आणि लोखंडात भरलेली उष्णता मात्र तिथेच असते. त्यामुळे बंद केल्यावरची पहिली काही मिनिटं बोनेटखाली तापमान उतरत नाही, चढतं. तुमच्या गाडीत कार्बोरेटर आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला, पेट्रोल पंपही इंजिनलाच चिकटलेला, मग पाइपमध्ये पेट्रोलची वाफ होते, आणि पंप द्रव ओढायला बनवलाय, वाफ ओढायला नाही.

पण आधी हेच आहे याची खात्री करा, कारण प्लगला ठिणगी पुरवणारे भाग, म्हणजे कंडेन्सर किंवा कॉइल, तापून बसले तरी सेम टू सेम असंच होतं आणि लोक महिनोन् महिने पेट्रोलच्या मागे लागतात. गाडी रुसली की लगेच एक प्लग काढा, वायरला जोडा, इंजिनच्या लोखंडाला टेकवा, बाहेर सांडलेलं पेट्रोल नाही ना बघा, आणि कुणालातरी स्टार्टर मारायला सांगा. निळी कडक ठिणगी दिसली तर दोष पेट्रोलचा, पिवळी मरतुकडी किंवा नाहीच तर ठिणगीचा. ठिणगीचा निघाला तर आधी कंडेन्सर बदला, स्वस्त आहे, आणि जुना काढलेला चालू असेल तर फेकू नका, सोबत ठेवा, नवे कधीकधी जुन्याहून लवकर जातात.

पेट्रोलचा असेल तर कार्बोरेटर आणि एक्झॉस्टच्या मधली उष्णतेची पत्र्याची ढाल जागेवर आहे का बघा, कुणीतरी कधीतरी काढून ठेवलेली असते. पेट्रोलचा पाइप एक्झॉस्टला खेटून जात असेल तर लांब बांधा, आणि पाइपचं रबर इथेनॉलवालं पेट्रोल सोसणारं आहे ना तेही बघा, जुनं रबर त्यात आतून सुटतं. आणि तुमच्याकडे एक गंमत आहे जी बाकीच्यांकडे नाही, स्पिटफायरचं सगळं नाकच पुढे उलटतं. थांबलात की लगेच उलटून ठेवा, उष्णता निघून जाते, आणि बघ्यांशी गप्पा होतात त्या वेगळ्याच.

प्रश्न: सोबत स्पेअर पार्ट किती घेऊ? यादी चाळीस वस्तूंची झालीये.

उत्तर: नाकापेक्षा मोती जड. फॅन बेल्ट, वरचा-खालचा होज, दोन-तीन क्लॅम्प, फ्यूज, एक लिटर ऑइल, पाच लिटर पाणी, वायरचा तुकडा, चिकटपट्टी, टॉर्च. आणि तुमच्या मॉडेलचा जो एक पार्ट नेहमी जातो आणि कुठेच मिळत नाही, तो एक. जो पार्ट रस्त्याच्या कडेला तुम्हाला बसवता येत नाही तो घेऊन काय करणार, नुसतं ओझं. व्होल्टमीटर मात्र घ्याच, इंजिन बंद असताना १२.६ च्या आसपास आणि चालू असताना १३.८ ते १४.५, एवढं बघता आलं तरी निम्मे प्रश्न सुटतात.

प्रश्न: सर, मी गाडीवाली नाही, गाडीवाल्याची बायको आहे. पहिल्या पत्रातल्यासारखीच दोन सीटची, कापडी छताची. ह्यांना दहा दिवस फिरायचंय. मागच्या वेळी दोन दिवसांत माझं डोकं आणि पाठ दोन्ही गेलं. मी काय करू?

उत्तर: ताई, तुमचं डोकं उन्हाने नाही, वाऱ्याच्या आवाजाने गेलंय. कापडी छत लावलं तरी शंभरच्या वेगाला आत बराच गोंगाट असतो आणि दिवसभर तो कानावर आदळला की माणूस काही न करता थकतो. फोमचे साधे इअरप्लग घाला, बोलणं तरीही ऐकू येतं, आणि नाही आलं तर काही बिघडत नाही. दुपारी छत बंद, हा नियम आधीच ठरवून घ्या. पाठीसाठी टॉवेलची गुंडाळी कमरेच्या खळग्यात, आणि दर दीड तासाला उतरायचं, ते नाही म्हणाले तरी उतरायचं, इंजिनाला त्रास होत नाही.

सामानाचं मात्र आताच भांडून घ्या. त्या डिकीत १२५ लिटरच्या आसपास जागा, कडक बॅग जातच नाही, मऊ पिशव्याच घ्याव्या लागतात. आणि ह्यांना विचारून ठेवा की टायर पंक्चर झाला तर काढलेलं चाक कुठे ठेवणार. स्टेपनी बारकी असते, ८० च्या वर चालवायची नसते, आणि पंक्चरवालं मोठं चाक तिच्या जागेत बसत नाही. ते चिखलाचं चाक तुमच्या मांडीवर येणार आहे.