एकशे पंचेचाळीस रुपयांची भेट कितीला पडली?

नाशिकहून एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्या पतसंस्थेत नोकरी करतात, त्यांचे यजमान अंबडच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आहेत. दोघांचे मिळून महिन्याला ₹६२,००० हातात येतात आणि त्यातले ₹१९,५०० घराच्या हप्त्याला जातात. मुलगी सात वर्षांची आहे, मुलगा तीन वर्षांचा. गेल्या वर्षी त्यांनी इतर मुलांच्या वाढदिवसांना ३१ भेटी दिल्या आणि सरासरी ₹३५० प्रमाणे त्यांवर ₹१०,८५० खर्च झाले. घरच्या दोन वाढदिवसांना प्रत्येकी २५ मुलांना शंभर-शंभर रुपयांची रिटर्न गिफ्ट दिली, ते ₹५,००० वेगळेच. ऑक्टोबरपासून त्या एका अतिस्वस्त ऑनलाइन बाजारातून भेटी मागवू लागल्या असून तिथे एक भेट साधारण ₹१४५ ला मिळते. त्या लिहितात : "यापुढे सगळ्याच भेटी तिथून घ्याव्यात का? वर्षाला सहा हजारांच्या वर वाचतील आणि ते मुलीच्या सुकन्या खात्यात टाकता येतील, असे यजमानांचे म्हणणे आहे. मला ते पटत नाही, पण का पटत नाही हे नीट सांगताही येत नाही." पत्रासोबत त्यांनी तीन महिन्यांच्या ऑर्डरींची यादीही पाठवली आहे.

ताई, सप्रेम नमस्कार.

यादी पाठवलीत हे फार बरे केलेत, कारण तुमच्या मनाला जे सांगता येत नाही ते त्या यादीत लिहिलेले आहे. ॲपचे नाव मी इथे छापत नाही. प्रश्न एका कंपनीचा नाही. या प्रकारचे बाजार आता बरेच झाले आहेत आणि जे एकाला लागू आहे ते थोड्याफार फरकाने सगळ्यांनाच लागू आहे.

आधी यजमानांचा हिशेब घेऊ. ₹३५० ची भेट ₹१४५ ला मिळाली तर एका भेटीमागे ₹२०५ वाचतात आणि ३१ भेटींचे ₹६,३५५ होतात. गुणाकार अगदी बरोबर आहे. मात्र त्यात मागवलेली प्रत्येक वस्तू देण्याजोगी निघेल असे गृहीत धरले आहे, आणि तुमचा अनुभव तसा नाही. तीन महिन्यांत तुम्ही नऊ भेटवस्तू मागवल्या, त्यांचे ₹१,३१० झाले. त्यांतल्या तीन देता आल्या नाहीत : बाहुलीला रंगाचा उग्र वास होता, चित्रकोड्याचे दोन तुकडे पाकिटातच नव्हते आणि दिवे लागणारी गाडी मुलाने हातात घेताच तिच्या पोटाखालचे सेलचे झाकण निघून आले. बाहुलीचे ₹१४९ परत मिळाले. बाकी दोन वस्तू तुम्ही पुढच्या वाढदिवसांसाठी म्हणून कपाटात ठेवल्या होत्या आणि महिन्याभराने पाकीट उघडले तेव्हा परत करण्याची मुदत उलटून गेलेली होती. मग त्या तीन वाढदिवसांना आयत्या वेळी मेनरोडवरून ₹३५० प्रमाणे तीन भेटी आणाव्या लागल्या. म्हणजे नऊ भेटींना प्रत्यक्षात ₹१,१६१ अधिक ₹१,०५०, एकूण ₹२,२११ लागले. भेट ₹१४५ ला नव्हे, ₹२४६ ला पडली. दुकानातल्या ₹३५० पेक्षा ती अजूनही ₹१०४ नी स्वस्तच आहे, हे मी नाकारत नाही. परंतु ३१ भेटींना त्या दराने वर्षाची बचत ₹३,२२४ होते, म्हणजे यजमानांच्या आकड्याच्या जेमतेम निम्मी.

आता यादीचा दुसरा भाग पाहा. तीन महिन्यांत अकरा ऑर्डरी आणि एकूण रक्कम ₹४,८७०. त्यातून भेटवस्तूंचे ₹१,३१० वजा केले की ₹३,५६० उरतात. हे पैसे केसांच्या क्लिपांचे दोन संच, मोबाइल ठेवायचा स्टँड, भिंतीवर चिकटवायची फुले, दिव्यांची माळ, चहाची गाळणी, शाळेचे मोजे, डब्याची पिशवी अशा वस्तूंवर गेले आहेत. गाळणी, मोजे आणि पिशवी तुम्ही कुठूनही घेतलीच असती, तेव्हा त्यांचे ₹९०० मी धरत नाही. उरलेले ₹२,६६० मात्र त्या ॲपवर गेला नसता तर खर्च झाले नसते. यात दिवाळी होती, त्यामुळे पुढचे महिने इतके जड जाणार नाहीत हेही मान्य करू. तरीसुद्धा वर्षभरात भेटींवर जे सव्वातीन हजार वाचणार आहेत, त्यांतले बहुतेक पैसे नको असलेल्या वस्तूंवर एका तिमाहीतच गेले, हे तुमच्याच कागदावरून दिसते. सुकन्या खात्यात टाकायला हाती काय राहिले, ते आता तुम्हीच पाहा.

यात तुमचा दोष आहे असे मला मुळीच म्हणायचे नाही. "फक्त २ शिल्लक", "ऑफर संपायला ११ मिनिटे" अशा पाट्या माणसाला विचार करायला वेळ मिळू नये म्हणूनच लावलेल्या असतात. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये ग्राहकांची दिशाभूल करणाऱ्या अशा १३ क्लृप्त्यांना मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि खोटी घाई निर्माण करणे ही त्यांतली एक आहे. खोडलेल्या किमतीचेही असेच आहे. डब्यावर ₹९९९ छापलेले असते म्हणून भेट घेणाऱ्यांना ती भारी वाटते, असे यजमान म्हणतात. ताई, छापील किंमत ही जास्तीत जास्त किती घेता येईल एवढेच सांगते, वस्तूचे मोल सांगत नाही. शिवाय ज्या आईच्या हातात तो डबा पडणार आहे तिच्या मोबाइलमध्येही तेच ॲप असण्याचा संभव आहे.

पैशांपेक्षा मोठी गोष्ट सुरक्षिततेची आहे आणि ती मी सल्लागार म्हणून बाजूला ठेवू शकत नाही. आपल्याकडे १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. खेळण्यातले रंग, टोकदार कडा, सुटे होणारे छोटे भाग, सेलची जागा या सगळ्यांची त्यासाठी तपासणी व्हावी लागते. सेलचे झाकण हाताने सहज उघडू नये, हीही त्यातलीच एक अट असते. तुमच्या गाडीच्या झाकणाला स्क्रूच नव्हता आणि आत बटणासारखे तीन चपटे सेल होते, असे तुम्ही लिहिले आहे. असा सेल मुलाने गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजल्यासारखी गंभीर इजा होऊ शकते. छोटी लोहचुंबके दोन गिळली गेली तर ती आतड्याच्या भिंती मध्ये धरून एकमेकांना चिकटतात. तुम्ही भेट सात वर्षांच्या मुलीला देता, पण तिच्या घरी तुमच्या मुलाएवढे धाकटे भावंड असतेच की.

म्हणून सेलवर चालणारी, चुंबकाची, पाण्यात फुगणाऱ्या गोळ्यांची खेळणी आणि मुलींसाठीचे मेकअपचे संच या चार गोष्टी अशा बाजारातून चिन्हाची खात्री झाल्याशिवाय घेऊ नका, मग किंमत कितीही खाली असो. खात्री करणे अवघड नाही. डब्याच्या फोटोत आयएसआय चिन्ह आणि त्याखाली 'सीएम/एल' ने सुरू होणारा परवाना क्रमांक दिसला पाहिजे. तो क्रमांक 'बीआयएस केअर' या सरकारी ॲपमध्ये टाकला की परवाना कोणाचा आहे आणि चालू आहे की नाही हे कळते. फोटोत क्रमांक दिसत नसेल तर ती वस्तू सोडून द्या. सावंतवाडीच्या लाकडी फळांवर मात्र हे चिन्ह दिसले नाही म्हणून घाबरू नका. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना या सक्तीतून सूट दिलेली आहे.

हे बाजार इतके स्वस्त कसे, असाही प्रश्न तुम्ही विचारला आहे. परदेशी ॲपवरून येणाऱ्या पार्सलांचा काळ आपल्याकडे संपला. एके काळी ₹५,००० पर्यंतच्या भेटवस्तूंवर सीमाशुल्क नसे आणि त्या सवलतीचा फायदा घेऊन विकत घेतलेला मालही 'भेट' म्हणून देशात येई. डिसेंबर २०१९ मध्ये राखी आणि जीवरक्षक औषधे सोडून ही वाट बंद झाली. खेळण्यांवरचे आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झाले. आज स्वस्ताई येते ती मुख्यतः बिननावाच्या मालातून, दुकानाचे भाडे आणि मधले व्यापारी वगळल्यामुळे आणि काही ठिकाणी तपासणीचा खर्च टाळल्यामुळे. यांतली पहिली कारणे चांगली आहेत आणि त्यांचा लाभ तुम्ही जरूर घ्यावा. शेवटचे कारण तेवढे आपल्याला नको आहे.

तेव्हा माझे मत असे की हा बाजार सोडू नका, पण 'सगळ्याच भेटी तिथून' हा निर्णयही घेऊ नका. आधी वर्षाचा आकडा ठरवा, दुकान नंतर ठरवता येईल. तुमच्या ३१ भेटींत मुलीच्या वर्गातल्या १४, सोसायटीतल्या ८ आणि नातेवाइकांच्या ९ आहेत. वर्गातल्या भेटींसाठी चार-चार आयांनी मिळून एक भेट द्यावी, प्रत्येकीने ₹१५० काढावेत. ₹६०० मध्ये बॅडमिंटनच्या रॅकेटची जोडी किंवा चांगल्या पुस्तकांचा संच येतो आणि ज्याचा वाढदिवस त्याच्या घरी एकसारखे चार खोके जमत नाहीत. हे बोलायला तुम्हाला संकोच वाटेल. माझा अनुभव मात्र असा आहे की, एकीने विषय काढला की बाकीच्या सुटकेचा श्वास सोडतात. या १४ भेटींचे ₹२,१००. सोसायटीतल्या आठांना ₹२५० प्रमाणे ₹२,०००. भाचे-पुतण्यांच्या नऊ भेटींना मात्र हात आखडू नका, तिथे ₹४०० प्रमाणे ₹३,६०० ठेवा.

उरली रिटर्न गिफ्ट. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून मिळालेल्या प्लास्टिकच्या वाट्या कपाटात कशा साठतात, हे तुम्हाला मी सांगायला नको; मुलांच्या रिटर्न गिफ्टचेही तेच होते आहे. दोन्ही वाढदिवसांना २५ ऐवजी २० मुले बोलवा आणि ₹६० ची एकच कामाची वस्तू द्या. नॅशनल बुक ट्रस्टची मराठी बालपुस्तके किंवा रंगखडूंची चांगली पेटी त्या किमतीच्या आसपास बसते. दोन वाढदिवसांचे ₹२,४०० झाले. सगळी बेरीज ₹१०,१०० होते. गेल्या वर्षीच्या ₹१५,८५० पेक्षा हे ₹५,७५० नी कमी आहे आणि यात कुठेही अतिस्वस्त मालाचा आधार घेतलेला नाही. कागदी सजावट, फुगे बांधायच्या फिती, वेष्टनाचा कागद आणि भेटीच्या पिशव्या तिथून खुशाल मागवा. त्या वस्तूंत तोटा झाला तरी तो वीस-तीस रुपयांचा असतो.

मागवताना किराण्याची यादी करतो तशी यादी आधी वहीत करावी आणि तीन महिन्यांतून एकदाच ॲप उघडावे. सूचना बंद कराव्यात. पाकीट आले की त्याच संध्याकाळी उघडून वस्तू तपासावी. भेट म्हणून तसेच बांधून ठेवल्यामुळेच तुमची परतीची मुदत गेली. विक्रेत्याने दाद दिली नाही तर ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच देणे आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढणे बंधनकारक आहे. तेही झाले नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. रक्कम ₹१४९ असली तरी नोंदवा.

भेटींसाठी दर महिन्याला ₹८५० वेगळ्या बचत खात्यात जाऊ द्या, म्हणजे जूनमध्ये एकाच आठवड्यात तीन वाढदिवस आले तरी घरखर्चाला हात लागणार नाही. सुकन्या खात्यात दरमहा ₹४५० टाका, वर्षाचे ₹५,४०० होतात. बँकेला कायमची सूचना देताना तारीख १ किंवा २ ठेवा. या खात्यात व्याज पाच तारखेनंतरच्या किमान शिलकीवर मोजतात, म्हणून सहा तारखेला भरलेल्या पैशांना त्या महिन्याचे व्याज मिळत नाही. वर्षअखेरीस उरेल ते टाकू असे ठरवलेत तर काही उरणार नाही. पतसंस्थेच्या काउंटरवर तुम्ही हे रोज पाहत असाल.

कपाटातल्या दोन वस्तू घरकामाला येणाऱ्या मावशींच्या मुलीला देऊ का, असे तुम्ही पत्राच्या शेवटी विचारले आहे. चित्रकोडे देऊ नका. अपुरे कोडे जुळवताना तिलाही तेवढेच वाईट वाटेल, जेवढे तुमच्या मुलीला वाटले असते. गाडीतले तिन्ही सेल आज रात्री मुले झोपल्यावर काढा, प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून ते ई-कचऱ्यात द्या आणि गाडी टाकून द्या. मावशींच्या मुलीचा वाढदिवस कधी असतो ते विचारून घ्या आणि नऊ नातेवाइकांच्या यादीत दहावे नाव तिचे लिहा. त्यासाठी लागणारे ₹४०० बाजूला पडतील; दरमहा ₹८५० ठेवलेत तर वर्षाचे ₹१०० त्यात उरतातच, बाकीचे ₹३०० वेष्टनाच्या आणि सजावटीच्या खर्चातून काढता येतील.