सोलर पंपाला बॅटरी जोडून रात्री पाणी देता येईल का? गोठ्यातले दिवे त्याच पॅनेलवर चालतील का?

दोन्हीला माझं उत्तर: करू नका. होत नाही असं नाही, पण परवडत नाही, आणि दुसरं तर जिवावर बेतू शकतं.

तुम्ही लिहिलंय की अडीच एकर रान आहे, विहीर भावकीत सामाईक, लाइटचा खांब लांब, आणि दुकानदार म्हणतोय "बॅटऱ्या टाकून देतो, रात्रीही मोटार चालेल." तुमचा दुकानदार आणि आमचे दादा, म्हणजे माझे थोरले भाऊ, यांची गाठ पडायला पाहिजे. दोघांचं मस्त जमेल.

आधी हिशेब सांगतो. ३ एचपीची मोटार म्हणजे सव्वादोन किलोवॅट. रात्री सहा तास चालवायची तर १३ युनिट लागले. बाजारात मिळते ती १२ व्होल्ट १५० एएचची बॅटरी कागदावर १.८ युनिट धरते, पण लेड-ॲसिडची बॅटरी अर्ध्याच्या खाली रोज उतरवली की मेलीच. म्हणजे हाताशी ०.९ युनिट. १३ भागिले ०.९. चौदा-पंधरा बॅटऱ्या झाल्या. शिवाय दिवसा त्या भरायला वेगळी पॅनेलं लागणार, कारण तुमची पॅनेलं दिवसा मोटार चालवत असणार. आणि चार-पाच वर्षांनी सगळ्या बॅटऱ्या भंगारात. हरभऱ्याला भाव काय मिळतो ते तुम्हाला ठाऊक आहेच.

हाच हिशेब मी दादाला कॅलेंडरच्या पाठीमागं मांडून दाखवला होता. दादा म्हणाले, "तुझं गणित शाळेपासून कच्चं."

आमचं गाव अंबड तालुक्यात, जालना जिल्हा. मोसंबी, कापूस, रब्बीला हरभरा-गहू. वाटणी झाली तेव्हा लाइटची मोटार दादाच्या वाट्याला गेली आणि वरच्या अंगाचं रान माझ्याकडं आलं. विहीर सामाईक. मी कनेक्शनचं कोटेशन भरलं आणि "पेड पेंडिंग"च्या, म्हणजे पैसे भरूनही कनेक्शन न मिळालेल्यांच्या, यादीत जाऊन बसलो. त्या यादीत बसलेल्या माणसाला ती हलत नाही हे सांगायची गरज नाही. तोवर पाणी कसं द्यायचं, तर दादाच्या मोटारीवरून, त्यांचं भिजून झाल्यावर. एक आठवडा दिवसाची लाइट, एक आठवडा रात्रीची. रात्रीच्या आठवड्यात दादाचं रान भिजून माझी पाळी यायची ती पहाटे दोनला. पौषातली थंडी, पायात गमबूट, एका हातात टॉर्च, एका हातात खोरं, आणि पाण्याची दारं फोडायला वाकलं की आधी साप बघायचा. त्यात मध्येच फेज गेला की वायरमनला फोन, वायरमनचा फोन बंद.

मग केंद्राच्या कुसुम योजनेत सोलर पंपाचा अर्ज भरायचं ठरवलं. सामाईक विहिरीला हिस्सेदाराचं ना-हरकत पत्र लागतं, स्टॅम्पवर. दादा सही देईनात. म्हणाले, "तू दिवसभर विहीर उपसणार आणि रात्री माझ्या मोटारीला गाळ येणार." मी म्हणालो, तुमची पाच एचपी, माझी तीन, ऊन चढल्याशिवाय ती फिरत नाही, उतरलं की बंद. तुमच्या आठ तासांपुढं माझा उपसा कितीसा? नाही म्हणजे नाही. सगळी रब्बी त्यात गेली. आबा मध्ये पडले, सरपंचांनी समजावून पाहिलं, मामांचा फोन आला. शेवटी वहिनींनी निकाल लावला. दादाबरोबर रात्री टॉर्च धरून बांधावर उभ्या राहणाऱ्या त्याच ना. त्या म्हणाल्या, "निदान एका घरातला माणूस तरी रात्री घरात झोपेल. द्या सही." दिली. तोंड वाकडं करून दिली, पण दिली.

पंप बसला. पहिल्याच दिवशी दादा बांधावर येऊन ऊन उतरेपर्यंत थांबले आणि मोटार बंद पडल्यावर म्हणाले, "बघ. रात्री चालत नाही." आजतागायत त्यांचं तेच पालुपद आहे.

आता तुमच्या कामाचं. सोलरची खरी अडचण रात्र नाही, सकाळ आणि ढग आहे. लाइटची मोटार बटण दाबलं की पूर्ण दाबानं पाणी फेकते. सोलरची तशी नसते. सकाळी आठला पाइपातून करंगळीएवढी धार येते, साडेदहा-अकराला भरून वाहते, साडेतीननंतर पुन्हा उतरते. ही बारीक धार तुम्ही सरीत सोडली तर पाणी सरीच्या तोंडाशीच मुरतं, शेवटचं झाड कोरडं ते कोरडंच. लोक इथं वैतागतात आणि म्हणतात सोलरला दम नाही. पाणी तेवढंच येतंय हो, पण एकदम येत नाही.

त्यावर उपाय हौद. मी रानाच्या वरच्या अंगाला दगड-सिमेंटचा बांधला, २० बाय १८ फूट, खोली ५ फूट, साधारण ५० हजार लिटर. सकाळची बारीक धार, ढगाळ दिवसाची धार, सगळी त्यात. मग मनाला येईल तेव्हा पूर्ण दाबानं खाली सोडायचं, पहाटे सहाला नाहीतर रात्री दहाला. आमच्याकडं पाण्याची उचल, म्हणजे पाणी जेवढं उंच चढवायचं ते, वीस मीटर धरा, तर ५० हजार लिटर वर चढवायला मोटारीचा लॉस धरून सात युनिटच्या आसपास वीज लागते. म्हणजे तो हौद सात-आठ बॅटऱ्यांचं काम करतो आणि त्यात डिस्टिल्ड वॉटर टाकावं लागत नाही. दादांनी विचारलं होतं, "पोहायला बांधलास का?" त्यानंतर एका उन्हाळ्यात डीपी जळाली, रोहित्र बदलून येईना, दादाची मोसंबी सुकायला लागली, तेव्हा माझ्याच हौदाला पाइप लावून त्यांनी पाणी नेलं. मी काही बोललो नाही. वहिनी बोलल्या.

हौदाचं पाणी सरीला आणि हलक्या दाबाच्या ठिबकला चालतं. तुषार त्यावर चालणार नाहीत, त्यांना दाब लागतो. ते दुपारी थेट पंपावर लावायचे.

गोठ्याचे दिवे. पंपाची पॅनेलं एकामागं एक माळेत जोडलेली असतात. माझ्याकडं त्या वायरीत तीनशेच्या वर व्होल्ट डीसी आहे. त्यातून मध्येच वायर काढून बल्ब लावणारे महाभाग मी पाहिलेत. एसीची ठिणगी विझते, डीसीची लागून राहते आणि वायर वितळेपर्यंत जळते. शिवाय छेडछाड दिसली की कंपनी गॅरंटीतून हात काढते. गोठ्यासाठी वेगळा छोटा संच घ्या: १०० वॉटचं पॅनेल, १२ व्होल्टची लिथियम बॅटरी, सात-सात वॉटचे तीन-चार डीसी एलईडी, मोबाइल चार्जिंग. एवढ्यात गोठा आणि अंगण निघतं. कडबाकुट्टी चालवायची असेल तर युनिव्हर्सल कंट्रोलर नावाचा प्रकार आहे, पंप बंद असताना त्याच पॅनेलांवर कुट्टी, गिरणी चालते. पण तो आधीच मागून घ्या, नंतर जुगाड नको. रानडुकरांसाठी झटका मशीनही वेगळ्या छोट्या पॅनेलवर ठेवा. तारेत लाइनचा करंट सोडणारा माणूस माझ्या लेखी गुन्हेगार आहे, आणि कायद्याच्या लेखीही.

"कोणती कंपनी?" हेही विचारलंय. योजनेत यादी मिळते, त्यातून निवडायची. ज्या कंपनीचा माणूस तालुक्याच्या गावात बसतो तीच घ्या. माझा कंट्रोलर, म्हणजे पॅनेलांवरून मोटार चालवणारी पेटी, हरभरा फुलोऱ्यात असताना गेला. पाच वर्षं देखभाल कागदावर होती, पण टोल-फ्री नंबर नुसती गाणी ऐकवायचा. कंपनीचं नाव घेत नाही. तक्रार केल्यावर माणूस आला, पण हरभरा त्याच्यासाठी थांबला नव्हता.

पॅनेलं झाडापासून लांब ठेवा. माळ असल्यामुळं एका पॅनेलवर लिंबाची फांदी सावली धरून बसली तरी पाणी घटतं. हिवाळ्यात सावल्या लांब पडतात, उन्हाळ्यात जागा बघून खड्डे घेऊ नका. धूळ पहाटे किंवा सांजेला धुवा, तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका.

पैशाचं म्हणाल तर २०२४ च्या "मागेल त्याला सौर कृषी पंप" योजनेत खुल्या गटाला १० टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ५ टक्के हिस्सा भरावा लागतो. अडीच एकरापर्यंत ३ एचपी, पाचपर्यंत ५, त्याच्या वर साडेसात. तुम्हाला तीनच मिळेल आणि तीन पुरते. दादा म्हणतात साडेसात पाहिजे. विहिरीला तेवढा झरा आहे का, हे ते विचारत नाहीत.

आता दादाच्या बाजूनंही सांगतो, नाहीतर वहिनी हे वाचतील. साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना एप्रिल २०२४ पासून मार्च २०२९ पर्यंत वीजबिल माफ आहे, त्यामुळं ज्याच्याकडं लाइन आहे त्याला सोलरची घाई नाही. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी २.० मध्ये फीडरच, म्हणजे शेतीला लाइट देणारी अख्खी वाहिनीच, सोलरवर घेतायत. वैजापूरकडं धोंदलगावला तसा प्रकल्प सुरू झालाय. तुमचा फीडर त्यात आला आणि दिवसा लाइट मिळाली तर दारात पॅनेल सांभाळत बसायची गरज उरत नाही. पण तुमच्याकडं खांबच जवळ नाही, म्हणून तुम्हाला हे लागू नाही.

माझं सगळं सांगणं विहिरीचं आहे. तीन-चारशे फुटांचा बोअर असेल तर ३ एचपीकडून फार अपेक्षा ठेवू नका, आधी उचल मोजून घ्या. आषाढ-श्रावणात आठ-आठ दिवस ऊन नसतं, तेव्हा पंप रुसतो. पण त्या दिवसांत पावसाची उघडीप पडली तरच पाणी लागतं, आणि उघडीप पडली की ऊनही येतं. हे मी दादाला सांगितलंय. त्यांना पटलेलं नाही.

तुमचीही विहीर सामाईक आहे म्हणून एक शेवटचं: अर्ज भरायच्या आधी भावकीची सही घ्या, आणि घरातल्या बायकांशी आधी बोला.