लांब पल्ल्याचा खेळ, त्याला मॅप कसा हवा? ओपनटीटीडीविषयी वाचकांचे प्रश्न

ख्रिस सॉयर यांचा ‘ट्रान्सपोर्ट टायकून डिलक्स’ १९९५ चा. त्याच्याच धर्तीवर बेतलेला, वाहतूक कंपनी चालवण्याचा कॉम्प्युटर खेळ ओपनटीटीडी फुकट मिळतो आणि अजूनही सुधारतो आहे. नवा खेळ सुरू करण्याआधी दिसणाऱ्या आकड्यांच्या जंजाळाबद्दल बरेच प्रश्न आले आहेत. उत्तरे आवृत्ती १४ आणि तिच्या पुढच्या आवृत्त्या धरून दिली आहेत.

प्रश्न: एकच खेळ वर्षभर सवडीने चालवायचा आहे. कॉम्प्युटर चांगला आहे. सरळ ४०९६ बाय ४०९६ घेऊ का?

नका घेऊ. त्या मॅपवर १ कोटी ६७ लाखांहून जास्त चौकोन असतात, म्हणजे २५६ बाय २५६ च्या मॅपचे २५६ मॅप. कॉम्प्युटर कदाचित निभावून नेईल, कारण खरा भार चौकोनांचा नसून गाड्यांचा आणि त्यांच्या वाटा शोधण्याचा असतो. अडचण आहे ती अंतराची.

ताशी १०० किमीची आगगाडी खेळातल्या एका दिवसात साधारण साडेतीन चौकोन कापते. हजार चौकोन जायला तिला २८० दिवस लागतात. एक दिवस दोन सेकंदांचा धरला, तर एकेरी फेरीला नऊ मिनिटांवर वेळ गेला. भाडे अंतराप्रमाणे वाढते खरे, पण उशिराची कात्रीही लागते. तेवढ्या वेळात प्रवाशांच्या भाड्याचा दर मूळ दराच्या पाचव्या हिश्शावर येतो, कोळशाचा मात्र साठ टक्क्यांच्या आसपास टिकतो. म्हणून सुरुवातीच्या मंद इंजिनांवर मॅपच्या या टोकाहून त्या टोकाला प्रवासी नेणे फायद्याचे नसते. तुम्ही शे-दीडशे चौकोनांच्याच लाइनी टाकता आणि उरलेला मॅप कधी उघडूनही पाहत नाही.

दोन्ही बाजू वेगवेगळ्या निवडता येतात, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. एकट्याने खेळायचे तर ५१२ बाय १०२४ घ्या. लांबट मॅपवर एक मुख्य मार्ग आणि त्याला फाटे अशी रचना आपोआप उभी राहते. चौरस मॅपवर सगळे जाळे मध्यभागी येऊन तुंबते. कंपनीला मुळात ५०० आगगाड्यांची मर्यादा असते. ती सेटिंग्जमध्ये वाढवता येते, पण या आकाराला ५०० गाड्या पुष्कळ दिवस पुरतात.

प्रश्न: १९५० ला सुरू करतो, पण वाफेच्या इंजिनांचा जम बसेपर्यंत डिझेल येते आणि बघता बघता मॅगलेव्ह, म्हणजे चुंबकावर तरंगणाऱ्या गाड्या. काळ सावकाश कसा चालवायचा?

खेळातले एक वर्ष घड्याळाच्या १२ मिनिटांत संपते, म्हणजे १९५० ते २०५० हा सगळा काळ २० तासांत उरकतो. आवृत्ती १४ पासून त्यावर उपाय आहे, पण तो खेळ सुरू होण्याआधीच करावा लागतो. मुख्य मेनूतून सेटिंग्ज उघडा, वर ‘एक्स्पर्ट’ पातळी निवडा आणि शोधाच्या चौकटीत ‘टाइमकीपिंग’ लिहा. तिथे ‘कॅलेंडर’ ऐवजी ‘वॉलक्लॉक’ निवडले की एका वर्षाला किती मिनिटे द्यायची ते ठरवता येते. ६० टाकले तर तीच शंभर वर्षे १०० तास चालतात. ० टाकले तर कॅलेंडर जागीच थांबते आणि नवी मॉडेल्स येतच नाहीत.

यात एक मेख आहे. मंदावते ते फक्त कॅलेंडर. पैसा आणि गावांची वाढ घड्याळाच्याच गतीने चालू राहतात. ६० मिनिटांच्या वर्षात गाव एका वर्षात पूर्वीच्या पाच वर्षांइतके वाढते. मग १९६५ सालीच तालुक्याच्या गावात उंच इमारती उठतात आणि वाफेच्या इंजिनाला ती गर्दी उपसत नाही. म्हणून सोबत गावांच्या वाढीचा वेग ‘स्लो’ करा आणि गावांतून निघणाऱ्या मालाचे प्रमाण ४० ते ५० टक्क्यांवर आणा. ‘व्हेइकल्स नेव्हर एक्स्पायर’ हेही चालू ठेवा. नाहीतर जुनी मॉडेल्स विक्रीतून जातात आणि आवडते इंजिन बदलायच्या वेळी मिळत नाही.

प्रश्न: गावे आणि उद्योग किती ठेवावेत? ‘नॉर्मल’ वर मॅप खिचडीसारखा दिसतो.

कारण ‘नॉर्मल’ म्हणजे बरेच असते. २५६ बाय २५६ वर त्यातून २३ ते ३० गावे आणि ५५ उद्योग येतात, आणि हा आकडा मॅपच्या क्षेत्रफळाच्या पटीत वाढतो. ५१२ बाय १०२४ वर ४४० उद्योग होतात. खाणीशेजारीच वीजकेंद्र मिळाले तर लांब लाइन टाकणार कोण? लांबच्या खेळाला टंचाई हवी. गावे ‘लो’ ठेवा, उद्योग ‘व्हेरी लो’. या मापाच्या मॅपवर ते साधारण ८० पडतात. कमी वाटले तरी काळजी नको, खेळ चालू असताना नवे उद्योग निघत राहतात.

अर्थव्यवस्था ‘स्मूद’ निवडा. ‘ओरिजिनल’ मध्ये उत्पादन एकदम दुप्पट किंवा निम्मे होते आणि भरभराटीची लाइन एका दिवसात मोडीत निघते. ‘स्मूद’ मध्ये खाणीचा ६० टक्क्यांहून जास्त माल उचलला, तर उत्पादन बदलताना वाढीची शक्यता घटीच्या दुप्पट असते. त्याखाली गेलात की निम्मीनिम्मी. ‘फ्रोझन’ मध्ये काहीच हलत नाही, म्हणून दहा तासांत कंटाळा येतो.

समशीतोष्ण हवामानात तेलावर भिस्त ठेवू नका. तिथल्या तेलविहिरींचे उत्पादन फक्त घटते, वाढत नाही. रिफायनरी मॅपच्या कडेपासून ३२ चौकोनांच्या आतच उभी राहते आणि समुद्रातले तेलफलाट १९६० नंतरचे. दीर्घ खेळाला आमची पसंती सब-आर्क्टिक, म्हणजे बर्फाळ हवामानाला आहे. हिमरेषेवरच्या गावाची लोकसंख्या ९० च्या पुढे गेली की अन्न पोचल्याशिवाय ते वाढत नाही. कुठले गाव वाढवायचे हे मग तुमच्या हातात राहते. वाळवंटी हवामानात ६० च्या पुढे अन्न आणि पाणी दोन्ही लागते. ते फार जिकिरीचे होते.

प्रश्न: सह्याद्री आणि कोकणाचा उंचीनकाशा (उंची छटांनी दाखवणारे चित्र) वापरून मॅप केला, पण घाटाचा कडा गायब होऊन नुसता लांब उतार आला. चुकले काय?

सर्वोच्च शिखराची उंची जास्त दिलीत. शेजारच्या दोन चौकोनांत उंचीच्या एकाहून जास्त पायरीचा फरक खेळाला चालत नाही. जिथे फरक जास्त असेल तिथे तो वरचा भाग खाली खेचतो. कळसूबाई १६४६ मीटर आहे. तिला १०० पायऱ्या दिल्या, तर ६०० मीटरच्या कड्याच्या ३६ पायऱ्या होतात. तेवढे चढायला किमान ३६ चौकोन लागतात, आणि ते खेळ देशावरच्या पठारातून कापून काढतो. ३० पायऱ्या दिल्या तर कडा ११ चौकोनांत बसतो. कोकणपट्टी एक-दोन पायऱ्यांची सपाट राहते, तीही तशीच हवी.

चित्र करड्या छटांचे पीएनजी असू द्या. समुद्र निखळ काळा, म्हणजे मूल्य ० असा लागतो. क्यूजीआयएस या नकाशांच्या प्रोग्राममधून काढलेल्या चित्रात समुद्र १ किंवा २ वर राहिला, तर अरबी समुद्राची जमीन होते.

आगगाडीसाठी चढाची तीव्रता मुळात ३ टक्के असते, ती तशीच ठेवा. खंडाळ्याच्या बोर घाटाचा चढ ३७ ला १, म्हणजे २.७ टक्के, त्यामुळे खेळातला घाट खऱ्याच्या अगदी जवळ येतो. खऱ्या घाटात मागून बँकर इंजिने लावतात. खेळात ती सोय नाही, म्हणून सबंध मार्गावर दोन इंजिने जोडावी लागतात किंवा डबे कमी करावे लागतात.

प्रश्न: प्रवाशांना ठरावीक मुक्काम देणारे ‘कार्गोडिस्ट’ पहिल्यापासून चालू करावे का?

प्रवासी आणि टपाल ‘सिमेट्रिक’ (जाणारे तितकेच परत येणारे), बाकी सगळे ‘मॅन्युअल’ (ठरावीक मुक्काम नाही). पण एक ध्यानात ठेवा. दोन स्वतंत्र जाळी एका लाइनीने जोडलीत की दोन्हीकडचे प्रवासी एकमेकांकडे निघतात आणि सांध्यावरचे स्टेशन काही महिन्यांत भरून वाहते. सांध्यावर आधी चार फलाट बांधा, जोडणी नंतर करा. जाळे मोठे झाल्यावर खेळ थोड्या थोड्या वेळाने अडखळू लागला, तर प्रवाशांच्या वाटणीच्या हिशेबाला दिलेला वेळ १६ वरून ६४ करा. वाटणी उशिरा बदलते, पण झटके थांबतात.

प्रश्न: यातले नंतर काय बदलता येत नाही?

मॅपचा आकार, हवामान, भूरचना आणि वॉलक्लॉकची निवड. न्यूजीआरएफ, म्हणजे जादा गाड्या आणि उद्योगांचे संच, चालू खेळात बदलले तर सेव्ह बिघडू शकते, म्हणून ते आधीच निवडून ठेवा. गाड्यांचे बिघाड, कार्गोडिस्ट, गाड्यांची मर्यादा आणि गावांचा वेग कधीही बदलता येतो. मॅप आवडला तर त्याचा सीड क्रमांक, म्हणजे ज्या आकड्यावरून मॅप तयार होतो तो, लिहून ठेवा. तीच आवृत्ती, तेच संच आणि त्याच सेटिंग्ज असतील तर तोच मॅप पुन्हा मिळतो.