नियम नंतर, पात्र आधी

प्रश्न: चार मित्रांना व्हिडिओ कॉलवर 'फेट ॲक्सिलरेटेड' हा रोलप्लेइंग खेळ (प्रत्येकाने एक पात्र घेऊन, बोलून गोष्ट पुढे न्यायची) शिकवायचा आहे. मागच्या वेळी नियम सांगण्यातच तास गेला आणि खेळताना सगळे गप्प. काय चुकलं?

उत्तर: सुरुवात चुकली. आधी प्रत्येकाकडून दोनच गोष्टी लिहून घ्या: पात्र कोण, आणि त्याची कायमची अडचण काय. 'शूर योद्धा' यातून काहीच घडत नाही. 'सावकाराचं कर्ज बुडवून पळालेला नावाडी' लिहिलं, की घाटावर सावकाराची माणसं उभी करता येतात. मग पात्र एखादं काम कसं करतं (जपून, चलाखीने, जोर लावून वगैरे) हे सांगणाऱ्या सहा पद्धतींना एक +3, दोन +2, दोन +1 आणि एक 0 वाटा. बाकीचं खेळता खेळता भरता येतं.

या खेळाचे अधिक, उणे आणि कोऱ्या बाजूंचे खास फासे नसतील तर साधे चार टाका: 1-2 म्हणजे उणे, 3-4 कोरं, 5-6 अधिक.

नवे खेळाडू सुरुवातीला मिळणारे आपले 3 फेट पॉइंट (गरजेला खर्चायचे गुण) हमखास साठवून ठेवतात. म्हणून पहिल्याच प्रसंगात कुणाची तरी अडचण उकरून काढा; ती स्वीकारली की एक पॉइंट मिळतो. तो खर्चून फाशांच्या बेरजेत +2 घेता येतात, हेही तिथेच दाखवा.

आणि 'आता काय करता?' असं सगळ्यांना मिळून विचारू नका. कॉलवर जो तो दुसऱ्याची वाट बघतो. पात्राचं नाव घेऊन विचारा.